नव्या घराचा मिळकतकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत नवं कुटुंब राहायला आलं की पहिल्या आठवड्यात गॅसची पाइप, इंटरनेट, पार्किंगची जागा असं सगळं विचारून होतं. मिळकतकराचं मात्र दीड-दोन वर्षांनी निघतं, तेही दाराखालून बिल सरकवलेलं सापडलं की. तेव्हा आकडा पाहून लोक घाबरतात. कमिटीवर असल्यामुळे अशा कित्येक घरांचे कागद माझ्या हाताखालून गेले. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. माझा अनुभव पुण्याचा असल्यामुळे उदाहरणं मुख्यतः पुणे महापालिकेची आहेत. मुंबईत आणि गावाकडे जिथे रीत वेगळी आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

मिळकतकर, मालमत्ता कर आणि घरपट्टी हे वेगवेगळे कर आहेत का?

नाही, कर एकच. पुण्यात मिळकतकर म्हणतात, मुंबईत मालमत्ता कर आणि गावात घरपट्टी. कायदे मात्र वेगळे आहेत. मुंबईला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे आणि राज्यातल्या इतर महापालिकांना १९४९ चा. नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी १९६५ चा कायदा आहे, तर ग्रामपंचायतींचा स्वतंत्र. त्यामुळे ठाण्याच्या मेव्हण्याने सांगितलेली रीत तुमच्याकडे चालेलच असं नाही. आधी घर कुणाच्या हद्दीत आहे ते पक्कं करा.

मुद्रांक शुल्क भरलं, दस्त नोंदवला, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा अधिकृत गोषवारा) हातात आहे. मग आपोआप माझ्या नावावर कर लागत नाही का?

त्यावर विसंबून राहू नका. दस्तनोंदणी हे राज्य सरकारच्या नोंदणी व मुद्रांक विभागाचं काम आहे, कराची आकारणी महापालिकेच्या करआकारणी व करसंकलन विभागाचं. वीजमीटरवर नाव लावणं तिसरंच, सोसायटीचा शेअर दाखला चौथा. प्रत्येक ठिकाणी आपल्याला स्वतः जावं लागतं.

बिल आलेलंच नाही. म्हणजे अजून कर लागू झालेला नाही ना?

सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. कर लागू होतो तो घर वापरायला योग्य झालं तेव्हापासून. भोगवटा पत्राची (इमारत राहण्यायोग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याची) तारीख असेल त्या दिवसापासून, किंवा त्याआधीच राहायला गेला असाल तर तेव्हापासून. आकारणी उशिरा झाली तरी मधल्या काळाचा कर माफ होत नाही, तो मागील तारखेपासून एकत्र येतो.

आमच्याच इमारतीतलं उदाहरण. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू एकट्या राहतात, पेन्शनवर घर चालतं. ताबा घेऊन साडेतीन वर्षं झाल्यावर त्यांच्या हातात पहिलं बिल आलं. त्यात चालू वर्षाची रक्कम एका ओळीत होती आणि तिच्या जवळजवळ तिप्पट आकडा ‘मागील थकबाकी’ या ओळीत. बिल्डरच्या माणसाने ताबा देताना सांगितलं होतं, “काकू, टॅक्सचं आम्ही बघतो.” त्या बिचाऱ्या बघत बसल्या. साडेतीन वर्षांत एकदा जरी अर्ज दिला असता, तर दरवर्षी थोडं थोडं भरून झालं असतं. शेवटी मुलाकडून पैसे घेऊन त्यांनी भरले, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं.

ताबा घेतल्यावर बिलाची वाट पाहू नका, पहिल्या महिन्यातच अर्ज करा.

ताब्याआधीच्या काळाचा कर कुणी भरायचा?

बिल्डरने. रेरा कायद्याच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या) कलम ११ प्रमाणे प्रत्यक्ष ताबा देईपर्यंतची देणी विकसकाची असतात, त्यात महापालिकेचे करही आले. ताब्यानंतरचा वाटा तुमचा. म्हणून ताबा पत्रावरची तारीख तपासून घ्या आणि ते पत्र जपून ठेवा. ताब्याच्या वेळी ‘कर व इतर खर्चापोटी’ म्हणून वेगळी रक्कम घेतली असेल तर ती कोणत्या काळासाठी घेतली, याची पावती मागा. अनेकांनी हे पैसे दोनदा भरलेत.

अर्ज कुठे करायचा आणि काय काय लागतं?

पुण्यात तुमच्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा मुख्य इमारतीतल्या करआकारणी विभागात. तिथे प्रत्येक भागाला पेठ निरीक्षक असतो. पेठ म्हणजे इथे जुन्या पुण्यातली शनिवार पेठ किंवा सदाशिव पेठच असं नाही, उपनगरांनाही करखात्याच्या नोंदीत पेठच म्हणतात. तुमची मिळकत कोणत्या पेठेत येते ते सोसायटीतल्या कुणाच्याही बिलावरून कळतं.

नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, भोगवटा पत्राची प्रत, ताबा पत्र, मंजूर नकाशातला तुमच्या सदनिकेचा भाग आणि ओळखपत्र, एवढे कागद लागतात. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स ठेवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे कधी ‘तुम्ही कळवलंच नाही’ असा प्रश्न आला, तर हा शिक्काच कामी येतो.

इमारतीतल्या सगळ्यांचे अर्ज सोसायटीने एकत्र दिले तर फार बरं पडतं. निरीक्षक एकदाच येतो, सगळ्या घरांची मोजणी एका दिवसात होते.

निरीक्षक मोजायला येतो तेव्हा मी काय पाहावं?

घरी थांबा, हे पहिलं. कामावर असाल तर रजा घ्या. त्या पंधरा मिनिटांत लिहिलेला आकडा पुढची अनेक वर्षं बिलावर राहतो.

आमच्याकडे मोजणी झाली तेव्हा मी मुद्दाम बरोबर फिरलो. एका घरात हॉलची लांबी बाल्कनीच्या कठड्यापर्यंत धरली गेली आणि नंतर बाल्कनी पुन्हा वेगळी मोजली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मधला सरकता दरवाजा उघडा होता, त्यामुळे हॉल आणि बाल्कनी एकच वाटली. घरमालकाने तिथल्या तिथे दाखवून दिलं, त्यांनी लगेच खोडून दुरुस्त केलं. तेच सहा महिन्यांनी सांगितलं असतं तर नवा अर्ज, नवी मोजणी, नव्या फेऱ्या.

तीन गोष्टी बघा. क्षेत्रफळ किती लिहिलं, पार्किंग आणि उघडी गच्ची वेगळी दाखवली का, आणि वापर ‘निवासी’ लिहिला का. खालच्या मजल्यावर दुकानं असलेल्या इमारतीत एखाद्या घरासमोर चुकून ‘बिगरनिवासी’ पडतं. बिगरनिवासी दर बराच जास्त असतो, शिवाय रोजगार हमी कर हा निवासी घरांना नसलेला करही त्यावर लागतो.

कर ठरतो कसा? बिलावरच्या आकड्यांचा अर्थ मला लागत नाही.

पुण्यात घराच्या बाजारभावावर कर लागत नाही. घर भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल, याचा महापालिकेने ठरवलेला दर असतो, भागाप्रमाणे आणि बांधकामाप्रमाणे. क्षेत्रफळ गुणिले महिन्याचा दर गुणिले १२ म्हणजे वर्षाचं भाडं. त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा होतात. उरतं ते वार्षिक करपात्र मूल्य.

एक कच्चं गणित मांडतो, दर फक्त समजण्यासाठी धरला आहे. घर ६०० चौरस फूट आणि दर महिन्याला चौरस फुटाला २ रुपये धरले, तर वर्षाचे १४,४०० रुपये. १० टक्के वजा केले की १२,९६०. तुम्ही स्वतः राहत असाल आणि ४० टक्के सवलत मिळाली, तर करपात्र मूल्य राहतं ७,७७६. सगळे कर यावर टक्केवारीने लागतात. या एका सवलतीने किती फरक पडतो ते यातून दिसेल.

बिलावर सर्वसाधारण कर असतो, शिवाय सफाई, अग्निशमन, पाणी, मलनिःसारण, पथ आणि वृक्ष यांच्या ओळी. शिक्षण कराचा एक भाग राज्य सरकारचा असतो, महापालिका तो फक्त गोळा करून देते. म्हणूनच महापालिका जेव्हा एखादी सूट जाहीर करते, तेव्हा ती संपूर्ण बिलावर मिळत नाही.

४० टक्के सवलत नक्की काय आहे? ती मला मिळेल का?

पुणेकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. १९७० पासून पुणे महापालिका स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं करपात्र मूल्य ४० टक्के कमी धरत आली. मध्यंतरी या सवलतीला आक्षेप निघाला आणि १ एप्रिल २०१९ पासून आकारणी झालेल्या नव्या घरांना ती मिळेनाशी झाली. आधीच्या काही घरांचीही काढली गेली, कारण जीआयएस (डिजिटल नकाशावर आधारित) सर्वेक्षणात तिथे भाडेकरू राहत असल्याची नोंद झाली होती. लोकांनी पाठपुरावा केला, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने सवलत पुन्हा लागू केली.

पण नव्या घराला ती आपोआप लागेल असं धरून चालू नका. पीटी-३ नावाचा अर्ज द्यावा लागतो. त्याला सोसायटीचा तुम्ही स्वतः तिथे राहत असल्याचा दाखला जोडायचा. त्याबरोबर त्याच पत्त्याचा एखादा पुरावा: मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅसचं कार्ड किंवा रेशन कार्ड. शहरात तुमची दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही द्यायची.

लोक अडतात ते पत्त्यावर. नव्या घरात येऊन वर्ष झालं तरी सगळी ओळखपत्रं जुन्या पत्त्याची असतात. म्हणून राहायला आल्या आल्या गॅसचं कार्ड बदलून घ्या, तो पत्ता सगळ्यात लवकर बदलतो. मतदार यादीत नाव हलवायचा अर्जही त्याच आठवड्यात टाका.

सोसायटी अजून नोंदली नसेल तर दाखला कुणाचा, हे अर्ज देण्याआधी पेठ निरीक्षकाला विचारून घ्या. कागद अपुरा म्हणून अर्ज महिनाभर पडून राहण्यापेक्षा ही एक फेरी परवडते.

सवलतीशिवाय काही वर्षं कर भरून झाला. ते पैसे बुडाले का?

२०१९ नंतरच्या ज्या मिळकतींना सवलत मिळायला हवी होती, त्यांची जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती करण्याची सोय झाली आहे. रोख परत मिळत नाही. पावत्या शोधून ठेवा आणि पुढच्या बिलात वजावट दिसते का ते स्वतः तपासा.

घर रीसेलमध्ये घेतलं. जुन्या मालकाच्या नावावरच बिल येतं. चालेल का?

चालवून घेऊ नका. १९४९ च्या कायद्यातल्या नियमांप्रमाणे हस्तांतर झाल्यावर ३ महिन्यांच्या आत विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही, महापालिकेला लेखी कळवायचं असतं. विकणाऱ्याने कळवलं नाही तर कराची जबाबदारी त्याच्यावरही राहते, हे त्याला सांगा. मग तो सही द्यायला पटकन तयार होतो.

व्यवहाराआधी थकबाकी बघणं त्याहून गरजेचं. मिळकतकराचा बोजा घरावर असतो. माणूस बदलला तरी बोजा घरावरच राहतो. पुणे महापालिकेच्या संकेतस्थळावर विभाग, पेठ आणि खाते क्रमांक टाकला की थकबाकी लगेच दिसते. शेवटचा चेक देण्याआधी हे स्वतः पाहा, आणि थकबाकी नसल्याचा दाखला विकणाऱ्याकडूनच मागा. दलाल ‘सगळं क्लिअर आहे’ म्हणाला, एवढ्यावर भागवू नका.

वडील गेले. घर त्यांच्या नावावर आहे.

वारसांनी एक वर्षाच्या आत महापालिकेला कळवायचं असतं. मृत्यू दाखला, इच्छापत्र असेल तर त्याची प्रत, वारसांची नावं आणि बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. घरातलं वातावरण निवळायच्या आधी हा विषय काढणं जड जातं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. तरी कर वेळेवर भरत राहा. बिल कुणाच्याही नावावर असलं तरी भरता येतं.

इमारतीला भोगवटा पत्रच नाही. कर भरावा की नाही?

भरावा. पण १९४९ च्या कायद्याचं कलम २६७अ माहीत करून घ्या. बेकायदा बांधकामावर मूळ कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लागू शकते, म्हणजे एकूण तिप्पट. पिंपरी-चिंचवडमधल्या लोकांनी हा शास्तीकर कित्येक वर्षं सोसला. तिथे तो माफ करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. आणि शास्ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. कराची पावती दाखवून ‘आता इमारत रेग्युलर झाली’ असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. भोगवटा पत्रासाठी सगळ्या सभासदांनी मिळून बिल्डरच्या मागे लागणं, हाच मार्ग आहे.

आमचं गाव नुकतंच महापालिकेत आलं. एकदम शहराचा कर लागेल का?

एकदम नाही. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं समाविष्ट झाली. कायद्याप्रमाणे अशा ठिकाणी पहिली आकारणी ग्रामपंचायतीच्या दराने होते आणि मग टप्प्याटप्प्याने वाढते. जुन्या घराची ग्रामपंचायतीतली नोंद आणि पावत्या टाकून देऊ नका. हा टप्प्याटप्प्याचा हिशोब त्यांच्यावरच उभा असतो. महापालिकेत गाव आल्यानंतर बांधलेल्या नव्या सदनिकेसाठी मात्र हा हिशोब गृहीत धरू नका, पेठ निरीक्षकाकडून दर लेखी घ्या.

मुंबईत काय वेगळं आहे?

तिथे १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर कर लागतो. रेडी रेकनर (सरकारने ठरवलेले जागेचे दर), बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांवर तो ठरतो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ही माफी मुंबई महापालिकेच्या हद्दीपुरती आहे. पुण्यातले कितीतरी जण या आशेवर बिल बाजूला ठेवतात आणि दंड भरतात.

मुंबईतल्या बहुतेक जुन्या सोसायट्यांना इमारतीचं एकच बिल येतं आणि सोसायटी ते मेंटेनन्समधून वसूल करते. तिथे नवीन घर घेतलं तर महापालिकेआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा.

गावी घर बांधलं. तिथे कुठे जायचं?

ग्रामपंचायतीत. नमुना ८ ही आकारणीची नोंदवही, नमुना ९ मागणीची आणि पैसे भरल्यावर मिळते ती पावती नमुना १०. नमुना ८ चा उतारा काढून त्यावर घराचं वर्णन बघा, कौलारू, पत्र्याचं की आरसीसी. वर्णन चुकलं की करही चुकतो. आणि नोंद करतानाच नवरा-बायको दोघांची नावं लावा. तशी सोय आहे, तरी फार थोडे लोक मागतात. आमच्या मावशींच्या बाबतीत ते नाव होतं म्हणून काका गेल्यावर त्यांना कुणापुढे हात पसरावे लागले नाहीत.

कर कधी भरायचा आणि उशीर झाला तर?

वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, दोन सहामाह्यांत. पुण्यात सुरुवातीच्या महिन्यांत संपूर्ण वर्षाचा कर भरला तर सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट मिळते. करपात्र मूल्य २५ हजारांपर्यंत असलेल्या घरांना १० टक्के, त्यावर ५ टक्के. सूट मिळण्याची मुदत पूर्वी ३१ मे असायची, अलीकडे ती ३० जूनच्या आसपास असते. चालू वर्षाची तारीख बिलावर छापलेली असते. मुदत गेली की दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४. एवढ्या व्याजाने कुणी कर्जही काढणार नाही.

सोलर वॉटर हीटर, गांडूळखत किंवा पावसाचं पाणी साठवण्याची व्यवस्था चालू असेल तर पुण्यात आणखी ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सूट आहे. नवीन इमारतींत ही यंत्रणा बसवलेली असतेच. ती चालू आहे का ते सोसायटीने पाहावं आणि सूट मिळण्यासाठी अर्ज करावा.

आकारणी चुकली असं वाटतं. आता?

आकारणीची नोटीस आली की तिच्यावर हरकतीची शेवटची तारीख असते. ती तारीख आधी कॅलेंडरवर लिहा. हरकत लेखी द्या आणि मुद्दा एकच ठेवा: क्षेत्रफळ, वापर किंवा तारीख, जे चुकलं असेल ते. ‘कर फार आहे’ एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही. ‘नकाशात ५८२ चौरस फूट आहे, नोटिशीत ६४० आहे’ असं लिहिलं की सुनावणीत त्याला उत्तर द्यावंच लागतं. निकाल पटला नाही तर १९४९ च्या कायद्याच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील करता येतं, पुण्यात त्यासाठी लघुवाद न्यायालय आहे. त्याची मुदत फक्त १५ दिवसांची आहे आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. म्हणून वाद चालू असतानाही ‘हरकत कायम ठेवून’ असं लिहून पैसे भरलेले बरे. शास्ती चढत नाही आणि हक्कही जात नाही.

भाडेकरूने कर भरायचा का?

महापालिकेच्या दृष्टीने मुख्य जबाबदारी मालकाची. भाडेकरार करताना कर कुणाकडे ते लिहून घ्या. घर भाड्याने दिलं की ४० टक्के सवलत जाते, तेव्हा ते स्वतः कळवा. भाड्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकर भरताना त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेल्या मिळकतकराची वजावट मिळते, त्यासाठी पावती लागते.

कराच्या पावतीवर माझं नाव आहे. मालकीचा पुरावा म्हणून चालेल?

नाही. मालकी नोंदणीकृत दस्ताने सिद्ध होते. कराच्या नोंदीतून एवढंच दिसतं की कर कुणाकडून घ्यायचा.

आम्ही परदेशात असतो. बिल बंद दाराखाली पडून राहतं.

मिळकत क्रमांकाला स्वतःचा मोबाइल आणि ईमेल जोडून घ्या, आणि १ एप्रिलनंतर संकेतस्थळावर स्वतः जाऊन बिल उघडा. शेजाऱ्यांवर सोपवू नका, आम्ही कितीही मनापासून लक्ष ठेवलं तरी दाराआडचा कागद आम्हाला दिसत नाही. भरल्यावर पावतीची पीडीएफ घराच्या दस्तांच्याच फोल्डरमध्ये ठेवा, वर्षाच्या नावाने.